दोन तालुके, एक खंड

२०११च्या जनगणनेत महाड तालुक्यात १,८०,१९१ माणसं मोजली गेली आणि पोलादपूर तालुक्यात ४५,४६४. बेरीज २,२५,६५५. रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांपासून आंबेनळी आणि कशेडी घाटांच्या तोंडाशी असलेल्या गावांपर्यंत, तान्ह्या लेकरापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत सगळी. यातून महाड शहराचे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रहिवासी बाजूला काढा आणि उरलेल्या सगळ्यांना एकाच दुपारी एका मैदानाभोवती बसवा. १६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियमवर एवढी माणसं होती. तिकीट काढून आत आलेले १,७३,८५०, आणि एकूण हजर १,९९,८५४ असा आकडा सांगितला जातो.

परदेशातला मोठा आकडा वाचला की मान डोलते, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलला इथे महाड-पोलादपूरचं माप लावलं आहे. हे दोन तालुके फुटबॉलचे नाहीत. इथे कबड्डी आहे, उन्हाळ्यात टेनिस बॉलचं क्रिकेट आहे. पण माप घरचं असलं की दूरची गोष्ट खरी वाटू लागते, आणि या खंडाच्या फुटबॉलमध्ये खरी वाटू नये अशा गोष्टी फार आहेत.

तो १९५०चा सामना विश्वचषकाचा होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९४९मध्ये, ब्राझीलने आपल्याच देशात दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद जिंकलं होतं. हीच स्पर्धा पुढे कोपा अमेरिका म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या वर्षी ब्राझीलने आठ सामन्यांत ४६ गोल केले. शेवटचा निर्णायक सामना पराग्वेविरुद्ध ७-० असा संपला. सामन्याला सरासरी पावणेसहा गोल करणारा संघ, घरचं मैदान, दोन लाख आपली माणसं, आणि नुसती बरोबरी केली तरी जगज्जेतेपद. समोर उरुग्वे, ज्याची त्या वेळची सगळी लोकसंख्या बावीस-तेवीस लाख होती, म्हणजे २०११च्या रायगड जिल्ह्याहून कमी. ब्राझीलने पहिला गोल केला, उरुग्वेने दोन केले. दुसरा गोल करणारे आल्सिदेस गिज्जिया २०१५ साली वारले, तारीख १६ जुलै. त्याआधी १६ जुलै १९८९ रोजी याच माराकानावर पुन्हा ब्राझील आणि उरुग्वे, पुन्हा निर्णायक सामना, या वेळी कोपा अमेरिकेचा. रोमारिओने एक गोल केला, ब्राझीलने चाळीस वर्षांनी कोपा जिंकली, आणि बघायला १ लाख ४८ हजारांच्या आसपास लोक होते. एकटा पोलादपूर तालुका तिपटीने बसवला तरी जागा उरली असती.

मैदानाचंही गणित करून पाहिलं. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं, क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे सत्तर गुंठे, पावणेदोन एकर. रायगड जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,१५२ चौरस किलोमीटर. योगायोग इतका नेमका आहे की भागाकार केल्यावर जिल्ह्यात बरोबर दहा लाख फुटबॉल मैदानं मावतात, वर सोळा-सतराशे उरतात. अर्थात हे कागदावर. पोलादपूरच्या डोंगरउतारावर सलग, सपाट पावणेदोन एकर जमीन कुणाकडे असेल तर तिथे भात लावलेला असतो, आणि तो लावलेलाच बरा. आणि सबंध दक्षिण अमेरिका खंडाचं क्षेत्रफळ १ कोटी ७८ लाख चौरस किलोमीटर. असे अडीच हजार रायगड जिल्हे.

एवढ्या अवाढव्य खंडाची पहिली स्पर्धा जुलै १९१६मध्ये ब्युनोस आयर्सला झाली. निमित्त होतं अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं. संघ चार, सामने सहा, गोल अठरा. शेवटचा सामना अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा, तारीख पुन्हा १६ जुलै. मैदानात मावतील त्याहून जास्त लोक आले, सामना सुरू होऊन बंद पडला, चिडलेल्या जमावाने लाकडी गॅलऱ्या पेटवल्या. उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मैदानावर झाला, गोल झाला नाही, आणि उरुग्वे पहिला विजेता ठरला. तेव्हापासून २०२४पर्यंत ४८ स्पर्धा झाल्या. एकट्या १९५९ सालात दोन झाल्या, मार्च-एप्रिलात अर्जेंटिनाला आणि डिसेंबरात एक्वादोरला. पहिलीत अठरा वर्षांच्या पेलेने आठ गोल केले आणि तरी ब्राझील दुसरा आला.

४८ अजिंक्यपदांची वाटणी अशी: अर्जेंटिना १६, उरुग्वे १५, ब्राझील ९, पराग्वे, चिली आणि पेरू प्रत्येकी दोन, कोलंबिया आणि बोलिव्हिया प्रत्येकी एक. या यादीत उरुग्वेच्या नावापुढचा १५ पाहून थबकायला होतं. २०२३च्या जनगणनेत त्या देशात जेमतेम ३५ लाख माणसं भरली. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११ सालीच ३१ लाखांहून अधिक लोक राहत होते. म्हणजे पुण्याएवढी माणसं, महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या जमिनीवर पसरलेली, आणि त्यांच्याकडे पंधरा कोपा, दोन विश्वचषक आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. ब्राझीलची लोकसंख्या त्यांच्या जवळजवळ साठपट, आणि कोपा त्यांच्याहून सहा कमी.

२०२४च्या स्पर्धेत प्रत्येक देशाला २६ खेळाडू नेता येत होते. उरुग्वेत दर १ लाख ३५ हजार माणसांमागे एक खेळाडू निवडला गेला असा त्याचा अर्थ. हे प्रमाण आपल्याकडे लावलं तर महाड आणि पोलादपूर मिळून कोपा अमेरिकेच्या संघात एक खेळाडू पूर्ण बसतो आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश हिस्सा. ब्राझीलचं प्रमाण लावलं तर दर ७८ लाखांमागे एक, सगळ्या रायगड जिल्ह्याच्या वाट्याला एक-तृतीयांश खेळाडू. भारताचं लावलं तर दर पाच कोटी चाळीस लाखांमागे एक, आणि अख्ख्या महाराष्ट्राला दोन. आकडा मोठा होत जातो तसा एकेका पोराचा त्या संघात शिरण्याचा रस्ता अरुंद होत जातो. पण त्याच हिशेबाने मोठ्या देशाने जिंकतच राहायला हवं होतं, कारण निवडायला माणसं पुष्कळ. तसं झालेलं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं कुरासाव हे बेट विश्वचषकाला पात्र ठरलं. ते खेळतं उत्तर अमेरिकेच्या गटात, कोपात नाही, पण त्याची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर आहे. एकट्या महाड तालुक्यात याहून जास्त माणसं राहतात.

मग उरुग्वेचं कारण काय? जिद्द, चिवटपणा, शाळाशाळांत पोचलेला खेळ, अशी बरीच उत्तरं दिली जातात आणि त्यांत तथ्य आहे. मला मात्र पहिल्या स्पर्धेतला पहिलाच सामना सगळ्यांत बोलका वाटतो. २ जुलै १९१६, उरुग्वे विरुद्ध चिली, ४-०. चारांपैकी दोन गोल इसाबेलिनो ग्रादिनचे. ग्रादिन आणि त्याचा सहकारी हुआन देलगादो हे दोघे कृष्णवर्णीय, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. हरलेल्या चिलीने तक्रार केली की उरुग्वेने संघात दोन आफ्रिकी घुसवले, निकाल रद्द करा. निकाल रद्द झाला नाही. ग्रादिन तीन गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढे १९१९ साली तो धावण्याच्या शर्यतींतही दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला, २०० मीटर आणि ४०० मीटर, दोन्हींत.

दहा लाखांच्या थोड्या वर माणसं असलेल्या त्या देशाने, १९०८च्या जनगणनेत ती १०,४२,६८६ होती, आपल्यातल्या कुणालाही मैदानाबाहेर ठेवण्याची चैन केली नाही. शेजारच्या कितीतरी मोठ्या ब्राझीलने ती केली. १९१९मध्ये रिओला झालेल्या स्पर्धेत ब्राझील आणि उरुग्वे यांची गाठ निर्णायक सामन्यात पडली. नव्वद मिनिटांत गोल नाही. अर्धा तास जादा वेळ दिला, त्यातही गोल नाही. मग आणखी अर्धा तास खेळावं लागलं, आणि त्यात झाला तो एकच गोल. एकूण १५० मिनिटं. या स्पर्धेच्या इतिहासात याहून लांब सामना नाही. तो एकमेव गोल आर्तुर फ्रीडेनराइशचा, वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय ब्राझिली. देशाला पहिलं अजिंक्यपद मिळवून देणारा हा माणूस दोन वर्षांनी ब्युनोस आयर्सला गेलेल्या संघात नव्हता. राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांनी कृष्णवर्णीय खेळाडू नेऊ नयेत असं सुचवल्याची नोंद ब्राझीलच्या फुटबॉलच्या इतिहासात ठळकपणे आहे. गोऱ्यांचा तो संघ तीन सामने खेळला, दोन हरला.

हा १९२१चा हिशेब महाडच्या माणसाने वाचला तर त्याला दुसरी तारीख आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४चा. तीन वर्षं तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले, पाणी प्याले, आणि परतीच्या वाटेवर त्या लोकांवर हल्ले झाले. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं, मग दावा झाला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांना तीन दिवस कमी असताना. एक ओंजळ पाण्याचा हक्क मान्य व्हायला ३,६५० दिवस.

पाणी आणि फुटबॉल मी एका तागडीत घालत नाही. तळ्याचा प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता, मैदानाचा प्रश्न संघात निवडला जाण्याचा. पण वगळण्याची रीत दोन्हीकडे एकच होती. मोजताना माणूस लोकसंख्येत धरायचा आणि देताना वजा करायचा. जनगणनेचा आकडा मग फसवा होतो. ज्या देशाची लोकसंख्या तीन कोटी लिहिली आहे, त्याच्या संघाची निवड प्रत्यक्षात किती माणसांतून होते हे त्या आकड्यावरून कळत नाही. चिलीने १९१६मध्ये तक्रार केली त्या दिवशी उरुग्वे देश लहान होता, पण त्याचा निवडीचा घेर मोठा होता. १९२६ला सँतियागोत जिंकलेल्या उरुग्वेच्या संघात होसे लेआंद्रो आंद्रादे होता, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५०चा कर्णधार ओब्दुलिओ वारेला हाही आफ्रिकी रक्ताचा. आणि त्याच सामन्यात ब्राझीलचा गोलरक्षक होता मोआसिर बार्बोझा, कृष्णवर्णीय, १९४९च्या त्या ४६ गोलांच्या अजिंक्य संघातला. हरण्याचा दोष बहुतेक सगळा त्याच्यावर टाकला गेला. तो २००० साली वारला. एका गोलाचं ओझं त्याने पन्नास वर्षं वाहिलं. दोन लाख माणसांच्या त्या गर्दीतला हा एक आकडा मला सगळ्यांत जड वाटतो.

आता जरा उंचीकडे वळू. बोलिव्हियाच्या ला पाझ शहरातलं एर्नांदो सिलेस स्टेडियम समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. महाड तालुक्यातला रायगड किल्ला ८२० मीटर उंच. चार रायगड एकावर एक रचले तरी हे मैदान आणखी साडेतीनशे मीटर वर राहतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की साडेतेराशे मीटर होतात आणि कानांना दडे बसल्यासारखं होतं. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. ला पाझच्या मैदानावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहून कमी असतो, एका श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. चेंडू पातळ हवेत जास्त वेगाने जातो, गोलरक्षकाचा अंदाज चुकतो, आणि किनाऱ्यावरून आलेल्या खेळाडूचे पाय दुसऱ्या सत्रात जड होतात. बोलिव्हियाने आपलं एकमेव अजिंक्यपद १९६३ला घरी मिळवलं. अर्जेंटिनाला त्यांनी ला पाझला हरवलं, आणि ब्राझीलला कोचाबांबाला, अडीच हजार मीटरवर, ५-४ असं. १९९७चा अंतिम सामनाही ला पाझलाच झाला, पण तेव्हा रोनाल्डोच्या ब्राझीलने त्या उंचीवरही ३-१ असं जिंकून दाखवलं.

मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. अंतिम फेरीपर्यंत सहा सामने. एका कोपात एकेक माणूस महाडहून पोलादपूर करून आंबेनळीच्या घाटातून महाबळेश्वर गाठण्याएवढं अंतर पळतो, थांबत, वळत, धक्के खात.

अलीकडची कोपा जून-जुलैत होते. तिथे हिवाळा, इथे पाऊस. सामने आपल्याकडे भल्या पहाटे दिसतात. २०२१चा अंतिम सामना भारतात ११ जुलैच्या पहाटे साडेपाचला लागला. मैदान तेच माराकाना, पण करोनामुळे क्षमतेच्या दहा टक्क्यांपर्यंतच प्रेक्षकांना मुभा होती. १९५०ला दोन लाख माणसं मावलेल्या त्या जागेत काही हजार माणसं, आंहेल दि मारियाचा एकमेव गोल, आणि अर्जेंटिनाने २८ वर्षांनी जिंकलेली कोपा. महाड-पोलादपूरच्या लोकांना तो जुलै दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. २२ तारखेपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. ला पाझमध्ये वर्षभरात पडतो जवळपास तेवढा. तेच पाणी सावित्रीतून खाली आलं. महाड बुडालं, तळीये गावावर डोंगर कोसळला. त्या महिन्याचा कुठलाही आकडा लिहिताना हे आधी लिहावं लागतं.

एकतर्फी निकालांचे आकडे या स्पर्धेत खूप आहेत. २२ जानेवारी १९४२ला माँतेव्हिदेओत अर्जेंटिनाने एक्वादोरवर १२-० असा विजय मिळवला, त्यात होसे मान्युएल मोरेनोचे पाच गोल. हा विक्रम अजून मोडलेला नाही. उलट टोकाला २०११चा पराग्वे: पाच सामने खेळला, पाचही बरोबरीत सुटले, पेनल्ट्यांवर पुढे जात जात एकही सामना न जिंकता अंतिम फेरीत पोचला, आणि तिथे उरुग्वेकडून ३-० हरला. १९९९मध्ये अर्जेंटिनाच्या मार्तिन पालेर्मोने कोलंबियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन पेनल्ट्या घालवल्या. सर्वाधिक गोलांचा विक्रम मात्र सत्तर वर्षांच्या वर टिकून आहे: अर्जेंटिनाचा नॉर्बेर्तो मेंदेझ आणि ब्राझीलचा झिझिन्यो, प्रत्येकी १७. लिओनेल मेस्सी सात स्पर्धांमध्ये ३९ सामने खेळला, कुणीही खेळला नव्हता इतके, आणि १४वर थांबला आहे.

आपल्या दृष्टीने मला व्हेनेझुएला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो बेसबॉलचा देश आहे, आपला क्रिकेटचा आहे तसा. कोपात आला तोच मुळी १९६७ला, पहिल्या स्पर्धेनंतर अर्ध्या शतकाने. १९७५मध्ये रोझारिओला अर्जेंटिनाने त्यांना ११-० असं तुडवलं. २०११मध्ये तेच चौथे आले. २०२४मध्ये गटातले तिन्ही सामने जिंकले, एक्वादोर, मेक्सिको, जमैका, आणि कॅनडाकडून हरले तेही पेनल्ट्यांवर. दुसऱ्या खेळाच्या सावलीत राहून फुटबॉल वाढू शकतो याचा हा जिवंत पुरावा आहे.

प्रेक्षकांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. २०१७ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाला १३,४७,१३३ लोक आले, त्या वयोगटाच्या स्पर्धेत तोवर कुठेच आले नव्हते इतके. २०२४च्या कोपा अमेरिकेला, सोळा देश आणि मेस्सी असताना, आले सुमारे १५ लाख ७० हजार. सामने तिथे कमी होते, ३२ विरुद्ध ५२, तरीही ही तुलना मनाला उभारी देते. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महाडपासून दीडशे-एक किलोमीटरवर, पराग्वे आणि कोलंबियाची पोरं त्या वर्षी खेळून गेली. दिल्लीत ९ ऑक्टोबरला भारत कोलंबियाशी १-२ असा झुंजून हरला. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या शहरात तालमींच्या संघांचे सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं, तिथून तो आला हे साहजिकच आहे. दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलशी मराठी मुलुखाची खरी गाठ पडायची तर ती अशीच, बरोबरीने समोर उभं राहून. डिसेंबर २०२५ला मेस्सी, लुईस सुआरेझ आणि रॉद्रिगो दि पॉल हे तिघे कोपा-विजेते वानखेडेवर येऊन गेले, मोठी गर्दी लोटली, पण ते दर्शन होतं, सामना नव्हता.

नेरूळच्या त्याच मैदानावर कोपाची एक मोठी खेळाडू खरीखुरी लढून गेली आहे, आणि तिची नोंद आपण पुरेशी ठेवलेली नाही. लिंडा काइसेदो, जन्म २२ फेब्रुवारी २००५, कोलंबिया. ३० जुलै २०२२ला तिच्या देशात, बुकारामांगाला, महिलांच्या कोपा अमेरिकेचा अंतिम सामना झाला. कोलंबिया ब्राझीलकडून ०-१ हरली, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू लिंडा ठरली, वय सतरा. ऑगस्टमध्ये ती कोस्टा रिकात वीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळली. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी भारतात आली. मडगावला उपांत्य सामन्यात कोलंबियाने नायजेरियाला पेनल्ट्यांवर हरवलं, आणि ३० ऑक्टोबरला नेरूळला अंतिम सामन्यात स्पेनसमोर पुन्हा ०-१, तोही शेवटच्या दहा मिनिटांत झालेला स्वयंगोल. तीन महिन्यांत तीन वयोगट, तीन देश, दोन अंतिम सामने, दोन्हींत एका गोलाने हार. बोगोटा ते मुंबई सरळ अंतर सुमारे साडेपंधरा हजार किलोमीटर आहे, पृथ्वीच्या परिघाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

महिलांची कोपा १९९१ला सुरू झाली, पुरुषांच्या पंचाहत्तर वर्षांनंतर. दहा स्पर्धांपैकी नऊ ब्राझीलने जिंकल्या, एक अर्जेंटिनाने. कोलंबिया चार वेळा दुसरी आली, चारही वेळा ब्राझीलच्या मागे. चौथी वेळ २ ऑगस्ट २०२५ची, क्विटोला, २,८०० मीटरच्या वर. लिंडाने पंचविसाव्या मिनिटाला पहिला गोल केला. कोलंबिया तीनदा पुढे गेली, तीनदा ब्राझीलने बरोबरी साधली, तिसरी बरोबरी नव्वद मिनिटं संपून सहा मिनिटं झाल्यावर, ३९ वर्षांच्या मार्ताच्या पायाने. जादा वेळेत मार्ताने आणखी एक मारला, कोलंबियाने तोही फेडला. ४-४. पेनल्ट्यांवर ब्राझील ५-४. लिंडा तेव्हा वीस वर्षांची होती.